तारनाक्यातला कॉलम

हैदराबादच्या तारनाक्यात, आयआयसीटीच्या (भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेच्या) सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळांत, काम पुष्कळदा एका काचेच्या नळीपुढे, म्हणजे कॉलमपुढे, उभं राहून चालतं. नळीत पांढरी सिलिका ठासलेली. तिच्या डोक्यावर अभिक्रियेतून निघालेला तपकिरी चिकटा. वरून हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेटचं मिश्रण सोडायचं आणि खाली परीक्षानळ्या बदलत राहायचं.

ही संस्था १९४४ साली निजामाच्या राज्यात सुरू झाली, तेव्हा औरंगाबाद, नांदेडही त्याच राज्यात होतं. १९८५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून (एनसीएल) ए. व्ही. रामा राव इथे संचालक म्हणून आले. एझेडटी हे एड्सवरचं औषध स्वस्तात बनवण्याची पद्धत सिप्लाला मिळाली ती त्यांच्याकडूनच.

कॉलमकडे परत येऊ. सहसंयुज पदार्थ मऊ, लवकर वितळणारे, असं शाळेत घोकलेलं असतं. कॉलम ते अर्धवट ठरवतो. सिलिकाही सहसंयुजच, पण तिच्यात सिलिकॉन-ऑक्सिजनची अखंड जाळी असते. ती वितळायला सुमारे १७०० अंश लागतात आणि हेक्झेन तिला ढिम्म हलवत नाही. चिकट्यातले रेणू मात्र सुटे. रेणूच्या आतला कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे साधारण ३५० किलोज्यूल लागतात. हेक्झेनचा रेणू शेजाऱ्यांपासून सुटायला तीसेक पुरतात. म्हणून रोटावॅप या फिरत्या बाष्पीभवन यंत्राच्या कोमट पाण्यात, कमी दाबाखाली, द्रावक झरझर उडून जातं आणि औषधाच्या रेणूतला एकही बंध तुटत नाही.

चिकट्यातले पदार्थ एकमेकांपासून वेगळे होतात ते सिलिकाच्या पृष्ठभागावर. तिथले हायड्रॉक्सिल गट ध्रुवीय रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. अध्रुवीय रेणू आधी सटकतात. कोण कुठवर आलं ते टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) सांगते. केशनळीने ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थेंब टेकवायचा, द्रावक वर चढू द्यायचं आणि पट्टी यूव्ही दिव्याखाली धरायची. तिथे दिसलं नाही, तर आयोडीनच्या बरणीत. आयोडीनही सहसंयुजच, स्थायूतून थेट वाफ होणारं. त्या वाफेने बिनरंगी ठिपके तपकिरी उमटतात. (ही बरणी हाताळणाऱ्याची बोटंही बहुधा तशीच.)

एकच ठिपका दाखवणाऱ्या नळ्या एकत्र करून द्रावक उडवलं की तळाशी पांढरी भुकटी उरते. चिमूटभर केशनळीत भरून वितळणबिंदू पाहतात. शुद्ध पदार्थ अंश-दीड अंशात वितळतो. पल्ला चार-पाच अंशांवर पसरला, तर पुन्हा कॉलम.