माणग्याचे फर्निचर : टिकाऊपणाचा आरंभ बेटात

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आढळणारा माणगा हा बिनकाटेरी, सरळ व बहुतांशी भरीव बांबू होय. या गुणांमुळे उपाहारगृहांच्या खुर्च्या-मेजांसाठी तो उत्तम ठरतो. वृक्ष तोडला की संपतो. बेट मात्र नीट राखल्यास दरवर्षी काठ्या देते. तथापि अशा खुर्चीखाली कधीकधी पिवळसर भुकटी पडू लागते व गिऱ्हाईक दुरावते. दोष कारागिरास दिला जातो. पण त्याचे मूळ पुष्कळदा तोडणीत असते.

काठीतील पिष्टमय अंशावर भुंगेरे पोसतात व तिला आतून पोखरतात. कोवळी काठी वाळताना आक्रसते. सबब तीन वर्षांखालील काठी तोडू नये. पावसाळ्यात कोंब फुटतात, तेव्हा बेटास कोयता लावू नये. हिवाळ्यात, जमिनीलगतच्या पेऱ्याच्या किंचित वर तोड घ्यावी, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. कोंबांच्या आधारासाठी काही जुन्या काठ्या राखाव्यात. तोडलेला माल टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात भिजवून सावलीत वाळवावा.

२०१७ साली भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे शेतातील बांबूची तोड व विक्री सुलभ झाली आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक वर्षाच्या नव्या काठ्यांवर वेगळ्या रंगाची खूण करण्यास शेतकरी बंधूंस शिकवावे. काठीचे वय कळले, म्हणजे तोडणीत चूक होणार नाही.