रक्ताचा ठिपका चमकला का?

पावसाळ्यात भोईवाड्यातील वस्त्यांतही मलेरियाचा ताप येतो. व्हायवॅक्स मलेरिया उलटू नये म्हणून १४ दिवस प्रायमाक्विनची गोळी देतात. पण काहींच्या, विशेषतः मुलग्यांच्या, तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी असते. या गोळीने त्यांच्या पेशी फुटतात. लघवी काळपट होते, कावीळ दिसते. डांबरगोळ्यांचाही तोच धोका, म्हणून बाळाच्या कपड्यांत त्या ठेवू नयेत.

तपासणी साधी आहे. रक्ताचा थेंब रसायनात मिसळून कागदावर ठिपका देतात आणि अतिनील दिव्याखाली पाहतात. चमकला तर एन्झाइम पुरेसे, न चमकल्यास कमी.

तथागतांनी पारखून स्वीकारायला शिकवले. म्हणून आपणही गोळीआधी डॉक्टरांना विचारू या, "जी-सिक्स-पीडी तपासायचे का?" गोळ्या मनाने सोडू नयेत, मात्र लघवी काळपट दिसताच गोळी थांबवून तातडीने दवाखाना गाठावा. जय भीम!