बिली द किड डावखुरा होता काय?

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील कुप्रसिद्ध बंदूकबाज बिली द किड याचे लोखंडी पत्र्यावर घेतलेले छायाचित्र जून २०११ मध्ये डेन्व्हर येथील लिलावात २३ लाख डॉलर किमतीला विकले गेले. जेमतेम दोन बाय तीन इंचांचे हे छायाचित्र १८७९-८० च्या सुमारास न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे काढण्यात आले, असे मानले जाते. त्याच गावी १४ जुलै १८८१ रोजी शेरीफ पॅट गॅरेट यांच्या गोळीने बिली ठार झाला.

छायाचित्रात पिस्तूल त्याच्या डाव्या कमरेला दिसते. त्यावरून तो डावखुरा असल्याची समजूत इतकी रूढ झाली, की पॉल न्यूमन यांनी बिलीची भूमिका केलेल्या १९५८ च्या चित्रपटाचे नावच ‘द लेफ्ट हँडेड गन’ असे होते.

मात्र ही समजूत छायाचित्रणाच्या तंत्राकडे दुर्लक्ष झाल्याने निर्माण झाली. ‘टिनटाइप’ या पद्धतीत (नावात कथील असले तरी पत्रा लोखंडाचाच) काळे रोगण दिलेल्या पत्र्यावर रौप्यक्षारांचा थर देऊन तोच कॅमेऱ्यात ठेवला जाई. वेगळी निगेटिव्ह नसल्याने प्रतिमा आरशातल्याप्रमाणे उलटी उमटत असे. याचा पुरावा बिलीच्या दुसऱ्या हातातील बंदुकीतच आहे. १८७३ च्या विंचेस्टर कार्बाइनमध्ये काडतुसे भरण्याची झडप उजव्या बाजूस असते. छायाचित्रात ती डावीकडे दिसते. प्रतिमा सुलट केल्यास पिस्तूल उजव्या कमरेला येते. अर्थात बिली बहुधा उजव्या हातानेच पिस्तूल चालवीत असावा.

चेहऱ्याचा अर्थ लावणे याहून कठीण. प्रकाशनोंदणीस काही सेकंद लागत. तेवढा वेळ निश्चल राहिलेल्या माणसाच्या मुद्रेवरून त्याचे क्रौर्य जोखणे धाडसाचेच. बिलीला जवळून ओळखणाऱ्या पॉलिटा मॅक्सवेल यांनाही हे छायाचित्र पसंत नव्हते. त्यात तो उगाच राकट दिसतो, असे त्यांचे मत होते.

तरीही चेहऱ्याच्या साम्यावर भिस्त ठेवणारे दावे थांबलेले नाहीत. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे २०१० मध्ये अवघ्या दोन डॉलरना घेतलेल्या, क्रोके खेळणाऱ्यांच्या एका टिनटाइपमध्ये बिली असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले आणि त्याचे मूल्य ५० लाख डॉलरपर्यंत सांगण्यात आले. तज्ज्ञांचे साहाय्य आणि स्थळाचा शोध यांचा आधार घेऊनही हा दावा अनेक इतिहास अभ्यासकांनी मान्य केलेला नाही.