मीटर बदलताय? आधी आकडा लिहून ठेवा!

भंडारा असो की तुमसर, कुणाच्या तरी अंगणात बाबांची आरएक्स-१०० उभी असतेच. १९९६ला बंद झालेली, तरी घरच्यांचा जीव तिच्यात! काटा थरथरतोय म्हणून लगेच मीटर बदलायला निघालात? थांबा, आधी केबल बघा. पुढच्या चाकाबरोबर ती फिरते, मीटरमधलं चुंबक फिरवते, त्या ओढीने काटा सरकतो. केबल कोरडी पडली की काटा नाचणारच. बरेचदा ग्रीसवर भागतं. बदलायचंच तर त्याच मॉडेलचं मीटर घ्या, नाहीतर स्पीड चुकीचा दिसेल. आणि जुन्या आकड्याचा फोटो काढाच. दुसऱ्या मीटरवर बाबांचे किलोमीटर नसतात ना! गाडी विकताना तो गिऱ्हाइकाला दाखवा, लपवलात तर सरळ फसवणूक. जुनं मीटर भंगारात? छे! आमच्याकडे ते कपाटात आहे, आरसी बुकाशेजारी.