बर्फाची गोधडी

गेल्या रविवारी दुपारची झाकपाक करून जरा टेकते न टेकते तोच बेल वाजली. दारात आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली मैत्रीण. चेहरा उतरलेला. "तूच समजाव बाई आमच्या लेकीला! एम.एस्सी. झाली, इथे कॉलेजात शिकवायची नोकरी मिळेल. तर ही निघाली नॉर्वेला, बर्फ खोदायला!"

लेकीचा विषय पर्यावरणशास्त्र. पुढच्या अभ्यासातलं एक सत्र उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर. तिथल्या विद्यापीठ केंद्रात पुस्तकांइतकंच महत्त्व बाहेरच्या कामाला. बाहेर पडण्याआधी पांढऱ्या अस्वलांपासून बचाव म्हणून बंदूक चालवायलाही शिकवतात! हे ऐकल्यापासून आईची झोप उडालेली. "मुलीच्या जातीला हे कशाला?" तिचं एकच पालुपद.

मी इतिहासाची पदवीधर. राजे-महाराजांसारखा हवामानालाही इतिहास असतो, हे मला या पोरीनेच शिकवलं. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर असतात ना? उसवलं की कळतं, हे आत्याच्या लग्नातलं, हे दुष्काळाच्या वर्षीचं. ध्रुवावरचा बर्फही तसाच. पडलेला बर्फ वितळत नाही, त्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो आणि आत त्या काळातली हवा बुडबुड्यांत अडकून राहते. खोल छिद्र पाडून बर्फाचे लांब दांडे काढायचे आणि ती जुनी हवा तपासायची. अंटार्क्टिकावर असा ८ लाख वर्षांचा इतिहास सापडला आहे. एवढ्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण ३०० भागांच्या वर गेला नव्हता. आज तो ४२० च्या पुढे गेलाय!

"पण हे आपल्याला काय करायचंय?" मैत्रीण म्हणाली. मी तिला २६ जुलै २००५ ची आठवण दिली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ही घाटकोपरला अडकलेली, फोन बंद, आणि तीन वर्षांची लेक रात्रभर माझ्या कुशीत "आई कधी येणार?" विचारत होती. माझ्या बचत गटातल्या बायकांच्या घरांत तर कमरेएवढं पाणी. डब्यातलं धान्यसुद्धा गेलं. एका दिवसाच्या पावसाचं सगळं खापर हवामानबदलावर फोडू नये, असं लेकच सांगते. पण असे दिवस वाढतायत का, हे जुना हिशोब मांडल्याशिवाय कळणार कसं? आणि तो हिशोब घरात बसून मिळत नाही. कुणीतरी बर्फात, चिखलात उतरावंच लागतं.

मग मी तिला अदिती पंत यांच्याबद्दल सांगितलं. जन्म नागपूरचा, बी.एस्सी. पुण्याची. ॲलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं एक पुस्तक हाती पडलं आणि त्यांनी समुद्रच अभ्यासायचं ठरवलं. शिष्यवृत्ती मिळवून हवाई विद्यापीठात एम.एस., मग लंडनला पीएच.डी. परत येऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम. डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून त्या अंटार्क्टिकाला गेल्या. सोबत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. आपल्या मोहिमेतून तिथे पोचलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. चाळीसहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला, आणि आपण अजून "मुलीच्या जातीला" इथेच अडलोय!

मैत्रिणींनो, तुमच्या गावातली एखादी मुलगी भूगोलात, निसर्गात रमत असेल तर तिला हे जरूर सांगा. सुरुवात परदेशातच व्हायला हवी असं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या खोडातल्या वर्तुळांवरून जुन्या पावसाचा माग काढतात. गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. स्वालबार्डवर २००८ पासून आपलं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्रही आहे. पैशांचं म्हणाल, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि युरोपातल्या शिक्षणासाठी सगळ्यांनाच इरॅस्मस मुंडसला अर्ज करता येतो. अटी मात्र नीट वाचून घ्याव्यात.

मैत्रीण बराच वेळ गप्प होती. चहा निवून गेला. मग हळूच म्हणाली, "तिथे हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही म्हणे?"

"हो, काही महिने अंधारच."

"घाबरेल गं ती."

"त्या रात्री घाबरली होती. तरी सकाळी तू आलीस तेव्हा धावत तुझ्याकडे आली ना?"

ती उठली, दारापर्यंत गेली. जाऊ दे की नको, काहीच बोलली नाही. चपला घालता घालता मात्र वळून म्हणाली, "ते बंदुकीचं तेवढं आमच्या सासूबाईंच्या कानावर घालू नकोस हं!"