अंतर किलोमीटरचे आणि अंतर तासांचे

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान या प्रवासास निघाले, तेव्हा त्यास वाटेत कैरो व जिनिव्हा येथे थांबावे लागले. आज तेच अंतर कोठेही न थांबता साधारण दहा तासांत कापले जाते. विज्ञानाने जग जवळ आणले, असे आपण म्हणतो ते यावरूनच. परंतु ते नेमके कोणाच्या जवळ आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या धारूरचा हिशेब मांडून पाहू. मुलाखतीसाठी दिल्लीस निघालेल्या येथील पदवीधराने विमानाने जाण्याचे ठरविले, तर त्याला प्रथम छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. नकाशावर हे अंतर सरळ रेषेत सुमारे 140 किलोमीटर, एस.टी.ने मात्र पाचेक तास लागतात. विमानतळावरील तपासणी व प्रतीक्षा यांत दोन तास, सुमारे 980 किलोमीटरच्या उड्डाणास दोन तास आणि दिल्लीत मुक्कामी पोहोचण्यास एक तास. म्हणजे दहा तासांच्या प्रवासात अंतराचा केवळ आठवा हिस्सा निम्मा वेळ गिळून टाकतो.

यातून अर्थशास्त्राचा एक साधा धडा मिळतो. विमानाचा वेग दुप्पट झाला तरी या प्रवाशाचा एकच तास वाचेल. रस्त्यावरचा वेळ एक-तृतीयांशाने घटला तर दीड तासाहून अधिक वाचेल. शिवाय 1960 साली एअर इंडियाकडे आलेल्या बोइंग 707 विमानांहून आजची प्रवासी विमाने फारशी वेगवान नाहीत. सुधारणेस खरा वाव आहे तो जमिनीवरच.

जिल्ह्यास विमानतळ मिळावा, ही मागणी अधूनमधून होते. विमानतळामुळे उद्योग येतील, या युक्तिवादात तथ्य नाही असे नव्हे. पण साधने मर्यादित असताना अग्रक्रम ठरवावाच लागतो. अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा लोहमार्ग 1995 साली मंजूर झाला. बीडपर्यंत प्रवासी गाडी पोहोचली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. धारूर शहर तर त्या मार्गावरही नाही.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास या भागातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी ट्रक-ट्रॅक्टरमधून घाट उतरतात. त्यांच्या हिशेबात विमानाचे तास नसतात. आजारी मुलास मोठ्या इस्पितळात नेण्याचे तास असतात. नोकरदाराचा प्रवासात गेलेला दिवस रजेत जमा होतो, मजुराचा मात्र रोजगारातून वजा होतो. म्हणून सुरक्षित घाटरस्ता आणि वेळेवर सुटणारी, पुढच्या गाडीशी सांगड असलेली एस.टी. हाच येथील खरा हवाई मार्ग होय. जग जवळ आले की नाही, हे विमानाच्या वेगावरून नव्हे, तर शेवटच्या गावातील माणसाच्या घड्याळावरून ठरविले पाहिजे.