अर्थिंग होते, तरीही



"अर्थिंग होते, साहेब." हे तीन शब्द मी एका भरपाईच्या दाव्याच्या सुनावणीत ऐकले, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तेथूनच निघाला आहे. घराच्या मागे पत्र्याची शेड, शेडीत कांड्या भरण्याचे यंत्र, त्याला अर्ध्या अश्वशक्तीची मोटर, आणि जूनमधला पहिला पाऊस. कांड्या भरणारी बाई ओल्या पायांनी आत आली, यंत्राच्या लोखंडी चौकटीला तिचा हात लागला आणि ती तेथेच कोसळली. मालक कोणी बडा गिरणीवाला नव्हे. घरामागे चार माग टाकून स्वतःही त्यांवर राबणारा माणूस. तो खोटे बोलत नव्हता. घरातल्या बोर्डावरून शेडीत दोन तारा नेलेल्या होत्या. शेडीच्या दारापाशी दोन फुटांची सळई जमिनीत ठोकलेली होती, तिला तार होती, आणि ती तार यंत्राच्या चौकटीला जोडलेली होती. बोर्डावर सोळा अँपिअरचा एमसीबीही होता. तो पडला मात्र नाही.

मी वीजशास्त्र शिकलेला नाही. मागावरून युनियनच्या कामात आलो, आणि जे कळले ते वायरमन मंडळींना विचारून आणि भारतीय मानक संस्थेचे अर्थिंगविषयीचे पुस्तक पुनःपुन्हा वाचून. पण अर्थिंग होते तर बाई गेली कशी, हा प्रश्न सोडवायला गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित लागत नाही, असे माझ्या ध्यानात आले.

आपली सर्वसाधारण समजूत अशी की, अर्थिंगची तार असली म्हणजे फुटलेली वीज जमिनीत मुरून जाते. वीज पाण्यासारखी मुरत नाही. ती जेथून निघाली तेथे परत जाण्याची वाट शोधते. आपल्या वाडीच्या टोकाला जो ट्रान्सफॉर्मर असतो, ज्याला खेड्यात डीपी म्हणतात, त्याचा न्यूट्रल तेथेच जमिनीशी जोडलेला असतो. तेव्हा मोटरच्या आत फेजची तार सोलवटून चौकटीला टेकली की वीज चौकटीतून अर्थच्या तारेत, तारेतून सळईत, सळईतून मातीत आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थमध्ये अशी फेरी पुरी करते. या फेरीत जेथे अडथळा मोठा, तेथे दाबाचा मोठा वाटा अडून राहतो.

आता आकडे घालून पाहू. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थचा रोध २ ओहम धरा. मुरमाड जमिनीत दोन फूट गेलेल्या सळईचा रोध १०० ओहम सहज असू शकतो. दाब २३० व्होल्ट. भागाकार केला तर प्रवाह सव्वादोन अँपिअर येतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह म्हणजे एखादी लहान इस्त्री चालू असावी तसा. तो पडेल कशाला? आणि चौकटीवरचा दाब? २३० पैकी सुमारे २२५ व्होल्ट. म्हणजे अर्थची तार असून चौकट जवळजवळ पुऱ्या दाबाने जिवंत होती, आणि तिला हात लावणारे माणूस ओल्या जमिनीवर उभे होते. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरतात. तेव्हा शरीरातून दोनशे मिलिअँपिअरच्या घरात प्रवाह जातो. काळजाची लय बिघडायला त्याचा चौथा हिस्साही पुरतो.

कोणी म्हणेल, सळई आखूड होती, मानकाप्रमाणे पाइप घातला असता तर? मानकात लोखंडी गॅल्व्हनाइज्ड पाइप किमान अडीच मीटर लांबीचा आणि ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा सांगितला आहे. समजा तो घातला आणि रोध ८ ओहमवर आणला. प्रवाह २३ अँपिअर झाला. सोळाचा एमसीबी एवढ्या प्रवाहाला पडायला तासभरही घेऊ शकतो, कारण तो चटकन पडतो ते नेमलेल्या प्रवाहाच्या निदान तिप्पट, आणि मोटरसाठी बसवतात त्या जातीचा पाचपट ते दहापट प्रवाह गेला तरच. आणि तोपर्यंत चौकटीवर १८४ व्होल्ट उभे आहेत. हे गणित प्रथम मांडले तेव्हा माझा स्वतःवरच विश्वास बसेना. एका जाणत्या वायरमनला दाखवले; तो म्हणाला, "भाऊ, बरोबर आहे, पण असे कोणी विचारतच नाही."

कोणी विचारत नाही याचे एक कारण म्हणजे बल्बची परीक्षा. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये साठ वॉटचा बल्ब लावतात आणि तो लागला की अर्थिंग उत्तम असे ठरते. साठ वॉटचा बल्ब पाव अँपिअर मागतो. आपल्या त्या दोन फुटी सळईवर हा बल्ब लावला तर त्याला दोनशेच्या वर व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. परीक्षेत सळई पहिल्या वर्गात पास, आणि माणूस मेलेला.

मग उपाय काय? तो आहे, आणि फार महाग नाही. आरसीसीबी नावाचे उपकरण एमसीबीच्या जोडीला बसवायचे. एमसीबी एकूण प्रवाह किती हे पाहतो. आरसीसीबी गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची सारखी वजाबाकी करीत असतो. फेजने पाच अँपिअर गेले आणि न्यूट्रलने पाच परत आले तर तो स्वस्थ बसतो. मधले तीस मिलिअँपिअर दुसऱ्या वाटेने गेले की तो क्षणार्धात तोडतो. आपल्या शेडीत सव्वादोन अँपिअर, म्हणजे तिसाच्या पंचाहत्तर पट गळत होते! तो असता तर चौकटीला वीज लागल्याक्षणीच शेड अंधारात गेली असती. बाई येण्याच्या आधीच.

मात्र आरसीसीबी घेतला म्हणजे अर्थिंग नको, असा अर्थ कोणी काढू नये. अर्थ नसेल तर गळतीला वाट नाही, आणि ती वाट पहिल्यांदा मिळते ती हात लावणाऱ्याच्या अंगातून. शिवाय फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरणाऱ्याला आरसीसीबी ओळखू शकत नाही. त्याच्यावर एक टेस्टचे बटण असते; ते दाबले की आतले यंत्र चालते की नाही एवढेच कळते, अर्थची तार जागेवर आहे की नाही हे कळत नाही.

आता घर आणि शेड यांचा परस्परसंबंध. पुष्कळ ठिकाणी मी एक युक्ती पाहिली आहे: अर्थिंगचा खर्च वाचवायला न्यूट्रललाच चौकट जोडून टाकायची. चालू आहे तोवर काही कळत नाही. पण खांबावरचा किंवा घरातून येणारा न्यूट्रल तुटला, की दिव्यातून, पंख्यातून येणारा फेजचा दाब सरळ चौकटीवर येऊन बसतो, आणि कोणतीही वस्तू बिघडलेली नसताना माणसाला धक्का बसतो. हे कधीही करू नये. याच्या उलट, न्यूट्रल गेला म्हणून अर्थच्या पाइपावर दिवा लावणारे बहाद्दरही आहेत. ते शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळतात.

घरातली अर्थची तिसरी तार शेडीत न्यावी का, यावर तज्ज्ञांतही दोन मते ऐकू येतात, कारण उत्तर जागेवर अवलंबून आहे. शेड घराला लागून असेल, पत्रा नि भिंत एक असेल, तर दोन्हींचे अर्थ एकच असावे. एका हाताला घराचा अर्थ आणि दुसऱ्या हाताला शेडीचा वेगळा अर्थ, अशी स्थिती वाईट. पण शेड दूर असेल, खाली उघडी माती असेल, आणि घरातला अर्थ पुरवठ्याच्या न्यूट्रलशी कोठे जोडलेला असेल, तर तो शेडीत नेऊ नये. न्यूट्रल तुटल्यावर घरातल्या सगळ्या लोखंडी वस्तूंवर दाब चढला तरी फरशीवर उभ्या माणसाला त्यातल्या त्यात आडोसा असतो. शेडीत मातीवर अनवाणी उभ्या माणसाला तो नसतो. तेव्हा अशा शेडीला तिचा स्वतःचा पाइप आणि तिचा स्वतःचा आरसीसीबी द्यावा. चिलखती केबल असेल तर तिचे चिलखत घराकडच्या टोकाला अर्थ करावे आणि शेडीकडे प्लॅस्टिकच्या पेटीत मोकळे संपवावे, नाहीतर नको असलेला अर्थ त्याच वाटेने आत येतो. तीन फेजच्या मोटरीला नियमाप्रमाणे दोन स्वतंत्र अर्थजोडण्या लागतात, हेही सांगून ठेवतो.

गोठ्याला हे सारे अधिकच लागू. जनावराचे पुढचे आणि मागचे खूर चार-पाच फुटांवर असतात. जमिनीतल्या जमिनीत दाबाचा फरक पडला, की प्रवाह एका खुरातून चढून छातीमार्गे दुसऱ्यातून उतरतो. म्हणून पाइप गव्हाणीपाशी कधी ठोकू नये.

एक हक्काची गोष्ट. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत, आणि पुढे २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही, पुरवठा करणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत अर्थचे टोक द्यावे आणि राखावे असे म्हटले होते. आपल्या मीटरपाशी ते आहे का, हे विचारायला संकोच कशाला?

दावा निकाली निघाला, पैसे मिळाले. तिची मुलगी आता दुसऱ्या गावी मामाकडे असते. त्या शेडीतली सळई मालकाने माझ्यासमोर हाताने उपटली, इतकी ती सैल होती. अडीच मीटरचा पाइप घातला, वर हौद बांधून झाकण ठेवले, आरसीसीबी बसवला. मीठ-कोळसा घातला आहे, पण मीठ पावसागणिक धुपते आणि पाइपालाही खाते, म्हणून मोजणी उन्हाळ्यात करायची असे ठरले. काळी माती ओल धरते खरी, पण मे महिन्यात ती भेगाळून पाइपापासून सुटते. ऑगस्टात मोजून समाधान मानणे म्हणजे आपलीच फसवणूक. मोजणीच्या यंत्राने मेमध्ये ३४ ओहम दाखवले, ऑगस्टमध्ये ११. हे दोन्ही आकडे तारखेसह ऑइलपेंटने भिंतीवर लिहिले आहेत, आणि खाली पुढच्या वर्षासाठी जागा सोडली आहे.